अर्थाचा करार

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी पुण्याजवळच्या एका यंत्रकारखान्याच्या भांडार विभागात होतो. गोष्ट १९९० च्या दशकातली. एका रात्री पंपाचे बेअरिंग गेले आणि उत्पादनाची अख्खी लाईन बंद पडली. संगणक 'शिल्लक शून्य' दाखवत होता. पहाटे मुंबईला गाडी पिटाळली, चढ्या भावाने बेअरिंग आणले आणि दुपारी लाईन सुरू झाली. पुढच्याच महिन्यात वार्षिक मोजदाद होती. तेच बेअरिंग तिसऱ्या रॅकवर सापडले. एक नव्हे, अकरा नग.

खरेदी विभाग त्याला 'बॉल बेअरिंग ६२०५' म्हणत होता. ड्रॉइंगवर 'बेअरिंग, २५ मिमी' असे होते. देखभालीची मंडळी 'पंपाचे बेअरिंग' लिहीत आणि जुने भांडारपाल नुसतेच 'छोटे बेअरिंग'. ही चार नावे संगणकात चार निराळ्या वस्तू म्हणून सुखाने नांदत होती. संगणकाचे काहीच चुकले नव्हते. त्याला अक्षरे दिसत होती, वस्तू दिसत नव्हती.

अक्षरांमागची वस्तू यंत्राला कळावी यासाठी जी खटपट झाली, तिला पुढे 'सिमँटिक तंत्रज्ञान' असे भारदस्त नाव मिळाले. निवृत्तीनंतर मी तिच्या इतिहासाच्या मागे लागलो. तो बहुधा संगणकाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो बैठकांचा इतिहास वाटतो. कोणत्या नावाने काय समजायचे, हे आधी माणसांनी एकत्र बसून ठरवले; यंत्राचे काम त्यानंतर सुरू झाले.

मद्रास ते डॉर्किंग

सुरुवात मी मद्रासपासून करतो. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू वेगवेगळ्या रीतीने जोडून मुले हवी ती वस्तू बनवतात. पुस्तकांचे विषयही असेच सुट्या भागांतून का जोडू नयेत, असे त्यांच्या मनात आले. त्यातून १९३३ मध्ये 'कोलन वर्गीकरण' प्रसिद्ध झाले. प्रत्येक विषयाला आधीच एक कप्पा नेमून देण्याऐवजी रंगनाथन त्या विषयाला प्रश्न विचारत: मुख्य गोष्ट कोणती, ती कशाची, तिच्यावर कोणती क्रिया, कुठे आणि केव्हा? या अंगांची उत्तरे जोडली की विषयाचा क्रमांक तयार होई.

ग्रंथालयासाठी शोधलेली ही रीत कारखान्यापर्यंत कशी पोचली? मे १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्किंग या गावी माहितीच्या शोधासाठी वर्गीकरण कसे असावे, या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. रंगनाथन तिला हजर होते आणि त्यांची अंगवार पद्धत हाच पुढचा मार्ग, असा परिषदेचा सूर निघाला. बारा वर्षांनी, १९६९ मध्ये, इंग्लिश इलेक्ट्रिक या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत जीन एचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'थिसॉरोफॅसेट' हा अभियांत्रिकीचा कोश सिद्ध केला. त्यात अंगवार वर्गीकरण आणि समानार्थी शब्दांची यादी एकमेकांना बांधलेली होती. एका संकल्पनेचे एक मान्य नाव ठरवायचे, बाकीची नावे पुसायची नाहीत, त्यांना मान्य नावाकडे बोट दाखवायला लावायचे. हे वाचताना मला आमचे तिसरे रॅक आठवले. आमच्या दुखण्यावरचे औषध आमच्या दुखण्याच्या कितीतरी आधी, एका कारखान्यातच, तयार झाले होते.

यंत्राला शहाणे करण्याचे स्वप्न

दरम्यान अमेरिकेत निराळाच घाट घातला गेला. १९८४ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन येथे, अनेक कंपन्यांनी मिळून उभारलेल्या संशोधन संस्थेत, डग्लस लेनाट यांनी 'साइक' हा प्रकल्प सुरू केला. माणसाला न सांगता ठाऊक असणारे सगळे, म्हणजे पाणी ओले असते, मेलेला माणूस वस्तू विकत घेत नाही, असले व्यवहारज्ञान हाताने लिहून संगणकात भरायचे. या प्रकल्पात रामनाथन गुहा नावाचे एक तरुण संशोधक होते. त्यांचे शिक्षणही मद्रासचेच, तिथल्या आयआयटीतले. साइकमध्ये काही वर्षे घालवल्यावर गुहा आधी ॲपल आणि मग नेटस्केप या कंपन्यांत गेले. माहितीविषयीची माहिती कशी लिहावी यावर त्यांनी जे काम केले, ते 'आरडीएफ' या मानकाच्या मुळाशी आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्या मानकाला मान्यता दिली.

आरडीएफची कल्पना शाळेतल्या व्याकरणाइतकी साधी आहे. प्रत्येक माहिती तीन पदांत सांगायची: कोण, कोणता संबंध, काय. 'बेअरिंग ६२०५ – आतला व्यास – २५ मिमी' हे झाले एक विधान. मात्र यातल्या वस्तूला आणि संबंधाला वेबवरचा पत्ता द्यायचा. पत्ता एक असेल तर वस्तू एक. मग कोणी तिला छोटे म्हणो की पंपाचे.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी ही दिशा १९९४ मध्येच दाखवली होती. त्या वर्षी मे महिन्यात जिनिव्हाला वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे त्यांनी घराच्या मालकीच्या कागदाचे उदाहरण दिले. हा कागद एका घराविषयी असतो आणि एका माणसाशी असलेल्या त्याच्या नात्याविषयीही. वेबला मात्र तो नुसता कागद म्हणून दिसतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर भांडणारी आपण माणसे. आपल्याला हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. पुढे मे २००१ मध्ये जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासह त्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये 'सिमँटिक वेब'चे चित्र रंगवले. आईला फिजिओथेरपी हवी आहे, आणि भाऊबहिणीचे संगणकी मदतनीस आपापसांत बोलून दवाखाना, विमा आणि वेळ जुळवून देतात, असे ते चित्र.

परिषदांचे दिवस

या चित्राने जणू जत्रा भरवली. २००२ मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटावर संशोधकांची पहिली आंतरराष्ट्रीय सिमँटिक वेब परिषद झाली. २००५ पासून कॅलिफोर्नियात खास उद्योगांसाठी 'सेमटेक' परिषदा भरू लागल्या, तर ऑस्ट्रियात 'सिमँटिक्स' नावाच्या परिषदांना सुरुवात झाली. एकीकडे तर्कशास्त्राचे प्राध्यापक, दुसरीकडे बँका, औषधकंपन्या आणि वृत्तसंस्थांची माणसे. प्राध्यापकांना अचूक व्याख्या हवी होती, कंपन्यांना पुढच्या तिमाहीत खर्च वाचलेला हवा होता.

शंका घेणारेही होते. २००१ मध्येच लेखक कोरी डॉक्टोरो यांनी या स्वप्नाची खिल्ली उडवली. माणसे खोटे बोलतात, आळस करतात, स्वतःलाच नीट ओळखत नाहीत. शिवाय एकाच वस्तूचे वर्णन करण्याच्या अनेक रीती असतात, असा त्यांचा सूर होता. भांडारात उमेदवारी केलेल्या माणसाला यातले प्रत्येक वाक्य पटावे.

पुण्यातल्या एका हॉटेलात याच विषयावर झालेल्या दिवसभराच्या चर्चासत्राला मी एकदा गेलो होतो. व्यासपीठावरून बाण आणि वर्तुळे यांच्या आकृत्या दाखवल्या जात होत्या. चहाच्या वेळी औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याने मला विचारले, "साहेब, आमच्याकडे 'बॉक्स' म्हणजे दहा पट्ट्या की दहा बॉक्सचा खोका, हेच ठरत नाही. हे मशीन ठरवून देईल का?" शेजारी एका औषधकंपनीचे गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "आम्ही बॉक्स म्हणजे दहा पट्ट्याच धरतो." दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. माझ्या मते त्या दिवसाचे खरे काम तेवढे झाले.

लहान झालेले स्वप्न

संगणकी मदतनिसांचे ते चित्र त्या रूपात उतरले नाही. उतरले ते त्याहून लहान आणि फार उपयोगी असे काही. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी बीबीसीला प्रत्येक खेळाडूचे, संघाचे आणि गटाचे पान हवे होते. ही पाने सातशेच्या वर. इतकी पाने हाताने सांभाळायला माणसे कुठून आणणार? त्यांनी पत्रकारांना एवढेच सांगितले, की बातमीत कोणता खेळाडू, कोणता संघ आहे याची खूण करा. खेळाडू कोणत्या संघाचा, संघ कोणत्या गटाचा हे नाते एकदाच नोंदलेले होते. त्यावरून पाने आपोआप भरत गेली.

व्यापारातही असेच घडले. जर्मनीतले प्राध्यापक मार्टिन हेप यांनी २००८ मध्ये 'गुडरिलेशन्स' ही शब्दसूची मांडली. विक्रेता, वस्तू, किंमत, हमी, दुकानाची वेळ हे यंत्राला कळेल असे कसे लिहावे, एवढाच तिचा विषय. बेस्ट बाय या अमेरिकन दुकानसाखळीने ती आपल्या पानांवर वापरली.

मग आला जून २०११. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून 'स्कीमा डॉट ऑर्ग' ही समाईक शब्दसूची जाहीर केली. तिच्यामागे होते तेच रामनाथन गुहा, आता गूगलमध्ये. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला सेमटेक परिषद होती आणि तिथे नाराजी उघड झाली. दहा वर्षे खपून आम्ही मानके घडवली, आणि तीन बड्या कंपन्यांनी बंद दाराआड स्वतःची लेखनपद्धत ठरवली, अशी तक्रार होती. ती अगदीच वाया गेली नाही. पुढे चर्चा खुली झाली, इतर लेखनपद्धतींना जागा मिळाली आणि २०१२ मध्ये गुडरिलेशन्सची शब्दसूचीही स्कीमात सामावली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने 'नॉलेज ग्राफ' आणला. पन्नास कोटी वस्तू आणि त्यांच्याविषयीची साडेतीनशे कोटी विधाने, अशी त्याची आरंभीची मोजणी होती. आज पाककृतीच्या शोधात लागणारा वेळ किंवा दुकान उघडे असल्याची खूण दिसते, तिच्यामागे बहुधा असाच एखादा करार असतो.

आपली पट्टी

करार म्हटला की प्रश्न येतो: तो करताना खोलीत कोण होते?

'पट्टी' हा शब्द घ्या. औषधाच्या दुकानात ती गोळ्यांची. जखमेवर बांधतात तीही पट्टी. मापाची पट्टी, गाण्याची पट्टी, घरपट्टी, पाणीपट्टी. आणि बाजार समितीत आडत्या शेतकऱ्याच्या हातावर ठेवतो ती हिशेबाची पट्टी, जिच्यात वजन, भाव, हमाली, तोलाई सगळे येते. 'पावती' म्हणून तिची नोंद केली तर कापले गेलेले पैसे दिसेनासे होतात. इंग्रजीत घडलेल्या सूचीत या पट्टीला आपोआप जागा मिळत नाही. कोणीतरी बसून ती करावी लागते.

आपल्याकडे हे काम झालेले आहे. प्रिन्स्टनमध्ये जॉर्ज मिलर यांनी १९८५ मध्ये 'वर्डनेट' सुरू केले. त्यात शब्द वर्णक्रमाने न लावता अर्थाने लावलेले असतात; एका अर्थाचे सगळे शब्द एका गटात. त्याच धर्तीवर मुंबईच्या आयआयटीत हिंदी आणि मराठी शब्दजाल उभे राहिले आणि गोवा विद्यापीठात कोकणीचे. जगभरच्या वर्डनेटकारांची पहिली परिषद २००२ मध्ये म्हैसूरला झाली आणि पाचवी २०१० च्या आरंभी मुंबईच्या आयआयटीत. पवईच्या त्या परिषदेची आठवण आपल्या वाङ्मयीन वर्तुळात क्वचितच निघते. वास्तविक मराठी शब्दाचा नेमका अर्थ काय, त्याचे सख्खे कोण आणि चुलत कोण, हा प्रश्न जितका संगणकवाल्यांचा तितकाच आपला.

आता भाषा बोलणारी यंत्रे आली आहेत. पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज ती विलक्षण चतुराईने बांधतात. पण अंदाज म्हणजे नोंद नव्हे. म्हणूनच कंपन्या या यंत्रांना पुन्हा ठरवून दिलेल्या नोंदींशी, त्याच तीन पदांच्या विधानांशी, बांधू पाहत आहेत. बैठकांचे दिवस संपलेले नाहीत.

आमच्या कारखान्यात पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या मोजदादीनंतर चारही विभागांची माणसे रोज दुपारी तासभर भांडारात बसू लागली. खडाजंगी झाली. ड्रॉइंगवाल्यांना आपले नाव सोडवेना, देखभालवाले म्हणत की रात्री दोन वाजता कोण आकडे आठवत बसतो. शेवटी '६२०५' हे मुख्य नाव ठरले, कारण त्याचा अर्थ जगभर एकच आहे: आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिलिमीटर. तो करारही कुठल्यातरी खोलीत, कोणीतरी बसून केलेलाच. पण आम्ही नोंदीत आणखी एक रकाना वाढवला, 'इतर नावे'. भांडारपालांनी स्वतःच्या हाताने त्यात पहिली नोंद केली: छोटे बेअरिंग.