टायरसाठी उंची, की उंचीसाठी टायर?

आजचा विषय आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ड्राइव्हवेपर्यंत येऊन ठेपलाय. इथे नॉर्थ कॅरोलायनात मुलगा सोळा वर्षांचा झाला की गाडी मागतो, आणि हल्ली ती गाडी म्हणजे पिकअप. पिकअप दारात आली की महिन्याभरात पुढची मागणी येते, "बाबा, लिफ्ट करूया ना." म्हणजे सस्पेन्शन उंच करायचं आणि मोठे टायर बसवायचे. आई म्हणते, आजीला चढवायला शिडी लागेल. बाबा खर्च विचारतात. मुलगा रुसतो. या भांडणात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: हे उंच करण्याचं खूळ मुळात आलं कुठून?

गंमत अशी की मोटारगाडी जन्मली तीच उंच. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली तेव्हा तिची चाकं ३० इंचांची होती आणि पोट जमिनीपासून चांगलं वीतभर वर. कारण साधं होतं. गावाबाहेर रस्ता म्हणजे चिखल आणि चाकोऱ्या. आपल्या बैलगाडीचं चाक माणसाच्या छातीपर्यंत का येत होतं, त्याचं उत्तरही हेच. पुढे अमेरिकेत रस्ते बांधले गेले, १९५६ च्या कायद्यानंतर आंतरराज्य महामार्ग झाले, आणि गाड्या वर्षागणिक खाली बसत गेल्या. बहुतेक गिऱ्हाईक डांबरावर चालवणार असेल तर कंपनी डांबरासाठीच गाडी बनवणार; ही गोष्ट शिकायला एमबीए लागत नाही. मागे राहिले ते शेतकरी, लाकूडतोडे, खाणवाले आणि विजेच्या तारा ओढणारे. त्यांचा चिखल होता तिथेच होता.

या मंडळींनी आपली सोय आपणच केली. इंडियानापोलिसच्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीने १९३५ च्या सुमारास फोर्डच्या ट्रकना चारही चाकांची ताकद द्यायला सुरुवात केली. मिनियापोलिसची नॅपको कंपनी शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअपसाठी तसाच जोडसंच विकायची, आणि १९५७ पासून तो थेट कारखान्यातूनच बसून मिळू लागला. फोर्डने १९५९ साली स्वतःची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप काढली. या दोन टप्प्यांच्या मध्ये झालं महायुद्ध, आणि युद्धाने दिली जीप. विलीस आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी लोकांच्या हातात आल्या. (आपल्याकडे मुंबईत महिंद्रांनी गाड्यांच्या धंद्यात पाऊल टाकलं तेही विलीसची जीप जोडूनच.) १९५३ साली कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या दगडधोंड्यांतून रुबिकॉनच्या वाटेने जीपवाल्यांची जत्रा निघाली. आणि तिथे, दगडावर पोट घासल्यावर, सगळ्यांना एकच गोष्ट कळली: टायर लहान पडतो.

आता थोडं यंत्राकडे येऊ, कारण सगळा वाद इथे अडकतो. जुन्या पद्धतीच्या पिकअपखाली एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत आडवा लोखंडी आस असतो. मध्यावर त्याला भोपळ्यासारखा फुगवटा असतो, तो डिफरन्शियल. गाडीचा सगळ्यात खालचा अवयव बहुतेक वेळा हाच, आणि दगडावर आपटतो तोही हाच. आसाच्या वर पाटे, पाट्यांच्या वर चौकट, चौकटीवर गाडीचं धड. तुम्ही पाटे जास्त कमानदार बसवले, पाट्यांखाली ठोकळे घातले, काहीही केलं, तरी वर जातं ते धड. आस होता तिथेच राहतो. बैलगाडीचा साटा हातभर वर उचलून बांधला म्हणून ती चिखलातून निघत नाही. त्यासाठी चाकच मोठं लागतं.

आणि चाक मोठं केलं तरी फायदा निम्माच मिळतो. ३१ इंचांचा टायर काढून ३५ इंचांचा घातला तर व्यास चार इंच वाढला, पण आस चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून तो वर गेला दोनच इंच. त्या दोन इंचांसाठी मोठा टायर हवा, आणि तो टायर वळताना किंवा खड्ड्यात दबताना वरच्या पत्र्याला घासू नये म्हणून धड वर उचलायचं. लिफ्टचा मूळ हेतू एवढाच. उंची ही टायरची मोलकरीण होती.

साठच्या दशकात कॅलिफोर्नियात डिक सेपेक नावाच्या माणसाने वाळूत न रुतणारे रुंद टायर विकायचा धंदा मांडला. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा वाळवंटात लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, आणि मोठे टायर बसवलेल्या गाड्यांचे फोटो मासिकांत झळकू लागले. काम करणाऱ्यांची गाडी आता हौशी लोकांचीही झाली.

मग येतो बॉब चँडलर. सेंट लुईसजवळचा हा बांधकाम कंत्राटदार. त्याच्याकडे १९७४ ची फोर्ड एफ-२५० होती, आणि चालवण्याचा हात, खरं तर पाय, इतका जड की गाडीचे भाग सारखे मोडायचे. जवळपास फोर-व्हील-ड्राइव्हची दुरुस्ती करणारं नीट दुकान नाही, म्हणून त्याने स्वतःच काढलं. दुकानाची जाहिरात म्हणजे त्याची गाडी. मोठे टायर घातले की आस मोडायचा, मग लष्करी ट्रकचा आस, मग आणखी मोठे टायर. गाडीचं नाव पडलं बिगफूट. १९८१ साली त्याने एका शेतात दोन भंगार मोटारींवरून ती चालवली आणि त्याचं चित्रण केलं. पुढे स्टेडियम भरू लागली. नंतरच्या बिगफूटला ६६ इंची, म्हणजे साडेपाच फुटी टायर होते, आणि तसले टायर मुळात शेतात खत पसरणाऱ्या अवजड यंत्रांसाठी बनलेले! चिखलासाठी जन्मलेला टायर शेवटी तिकीट लावून दाखवला जाऊ लागला.

माझ्या मते कथेचं वळण इथे आहे. याच्या आधी टायरसाठी उंची होती, याच्या नंतर उंचीसाठी टायर. १९८५ च्या 'बॅक टू द फ्युचर' मधला मुलगा जिच्यावर जीव टाकतो ती काळी टोयोटा पिकअप आठवते का? ती उंचच होती, आणि तिला चिखल कुठे दिसला होता?

कायदा जागा झाला तो या उंच गाड्या बाजारहाटीच्या रस्त्यावर आल्यामुळे. मोटारींच्या बंपरचा केंद्रीय नियम जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यासाठी आहे, म्हणजे धडक झाली तर बंपरला बंपर भिडावा. हा नियम पिकअपला लागूच नाही. उंच केलेल्या पिकअपचा बंपर सेडानच्या बंपरवरून जातो आणि दाराला किंवा काचेला भिडतो. ही पोकळी राज्यांनी आपापल्या परीने भरली. कॅलिफोर्नियाने चौकटीची उंची बांधून दिली: हलक्या ट्रकला २७ इंच, साडेचार हजार पौंडांच्या वर ३०, साडेसात हजारांच्या वर ३१. व्हर्जिनियाने बंपर मोजला. आपल्या राज्यात तर नवंच प्रकरण निघालं. वाळवंटी शर्यतीच्या गाड्यांची नक्कल करत पोरांनी पुढचं टोक वर आणि मागचं खाली अशा बसकण मारलेल्या पिकअप फिरवायला सुरुवात केली. चालवणाऱ्याला समोर आभाळच दिसणार! १ डिसेंबर २०२१ पासून नॉर्थ कॅरोलायनात पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच असणं बेकायदा आहे.

उलटण्याचा हिशोबही सोपा आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्या, त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर कलंडायला सोपी. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था २००१ च्या मॉडेलपासून उलटण्याचे तारे देते त्यामागे हाच भागाकार आहे. लिफ्टने भाजक वाढतो. ते तारे कारखान्यातून निघालेल्या गाडीचे असतात, आपल्या पोराने उंच केलेल्या गाडीचे नव्हे.

दुसऱ्या टोकाला आइसलँड बघा. तिथे मोठा टायर ही हौस नाही. मऊ बर्फावर ३८ किंवा ४४ इंचांचा टायर घालून त्यातली हवा दोन-तीन पौंडांपर्यंत उतरवतात. टायर पसरतो आणि गाडी बर्फात रुतण्याऐवजी वरून चालते. पण तिथले कारागीर गाडी शक्य तितकी कमी उचलतात. त्याऐवजी मडगार्डचा पत्रा कापून टायरला जागा करून देतात. १९९० मध्ये सुरू झालेल्या आर्क्टिक ट्रक्सने यावरच नाव कमावलं. नोव्हेंबर २०१० मध्ये गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ भारतीय मैत्री तळावरून दक्षिण ध्रुवावर पोचले, ते अशाच आइसलँडी पद्धतीच्या मोठ्या टायरांच्या गाड्यांतून. बर्फाच्या हजारो किलोमीटरवर निघालेल्या माणसांनाही लागली ती टायरची रुंदी. नुसती उंची त्यांच्या काय कामाची होती?

तेव्हा मुलाने लिफ्ट मागितली तर आधी विचारा, टायर कुठला आणि जाणार कुठे. ब्लू रिजच्या कच्च्या वाटांवर जायचं असेल तर एखाद-दोन इंचांत आणि थोडा पत्रा छाटून काम होतं. सहा इंच हवे असतील तर आसाचे, स्टिअरिंगचे, प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात, ब्रेकच्या नळ्या लांब लागतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो म्हणून खाली वळवावा लागतो. ३१ चे ३५ केले आणि स्पीडोमीटर तसाच ठेवला तर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६८ च्या आसपास पळत असेल. विमा कंपनीला कळवायचं, तेही दुकानात पैसे भरण्याआधी.

आणि एक काम या शनिवारी, गाडी आहे तशी असतानाच करा. मुलाला स्टिअरिंगवर बसवा. तुम्ही बंपरसमोर एक बादली ठेवा आणि ती हळूहळू पुढे सरकवत न्या. बादली त्याला दिसायला लागेल तिथे खडूने रेघ मारा आणि टेपने अंतर मोजा. तेवढ्या जागेत दोन वर्षांचं मूल बसलं तर ते दिसणार नाही. मग बॉनेट चार इंच वर गेलं तर ती रेघ कुठे जाईल, हे त्यालाच काढायला सांगा. त्याची भूमिती तुमच्या-माझ्यापेक्षा ताजी आहे.