दरबार, वकील आणि परवाना : स्टॅक ओव्हरफ्लोच्या दारांचा इतिहास

१/ नागपूरकर भोसल्यांचे वकील पुणे दरबारी असत. आधी कोणास भेटावे, मागणे कोणत्या शब्दांत मांडावे, उत्तर लांबले तर किती थांबावे, हे वकिलाने जाणायचे. धन्याने केवळ हेतू कळवायचा. संगणकाच्या जगात हेच काम ‘क्लायंट लायब्ररी’ नावाचा छोटा प्रोग्राम करतो. त्याचा दरबार म्हणजे एखाद्या संकेतस्थळाचा ‘एपीआय’, अर्थात माणसांऐवजी प्रोग्रामांसाठी ठेवलेला दरवाजा.

२/ त्याच नागपुरात, मराठ्यांच्या राजनिशाणाचे नाव धारण करणारी जरीपटका ही वस्ती आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी तिला आजचे रूप दिले. तेथील एखादा विद्यार्थी पायथन शिकताना अडला, तर त्याचा प्रश्न जगात कोणीतरी बहुधा आधीच विचारलेला असतो, आणि उत्तर बहुधा स्टॅक ओव्हरफ्लोवर असते. पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी भाषांना तेथे स्वतंत्र दालने मिळाली, मराठीला नाही. प्रश्न इंग्रजीतच विचारावा लागतो.

३/ जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी १५ सप्टेंबर २००८ रोजी हे स्थळ सर्वांस खुले केले. त्यापूर्वी एक्स्पर्ट्स एक्स्चेंजवर लोकांनीच दिलेली उत्तरे पैशांच्या पडद्याआड ठेवली जात. त्या पद्धतीविषयीचा संताप नव्या स्थळाच्या मुळाशी होता.

४/ म्हणूनच एक वचन दिले गेले. उत्तरे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली राहतील : श्रेय द्या, त्याच अटींवर पुढे वाटा. २००९ पासून साऱ्या प्रश्नोत्तरांची प्रत ठरावीक काळाने कोणालाही उतरवून घेता येऊ लागली. उद्या मालक बिघडला, तरी ज्ञान घेऊन समाजाला बाहेर पडता यावे, ही त्यामागची तरतूद. एखाद्या कंपनीने स्वतःविरुद्ध असा जामीन लिहून द्यावा, हे विरळाच.

५/ २०१० मध्ये एपीआयची पहिली आवृत्ती आली, २०१२ मध्ये दुसरी. पाठोपाठ निरनिराळ्या संगणकभाषांत ‘वकील’ तयार झाले. पायथनमधील पाय-स्टॅकएक्सचेंज हा त्यांपैकी एक. या दरबाराचे रिवाज कडक होते. दुसऱ्या आवृत्तीत ओळखीच्या किल्लीविना दिवसाला ३०० विनंत्या. किल्ली असल्यास १०,०००. एका पानावर फार तर १०० नोंदी. प्रत्येक उत्तर आकुंचित करून धाडलेले, ते आधी उलगडायचे. तारखा १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत. कधी उत्तरासोबतच ‘बॅकऑफ’ अशी सूचना येई : इतके सेकंद पुन्हा येऊ नका. ती न जुमानणाऱ्यास दार बंद. हे सारे लायब्ररीने सांभाळायचे. विद्यार्थ्याने दोन ओळी लिहायच्या. अशा लायब्रऱ्या लिहिणारे बहुतेक हौशी. उत्तरे देणाऱ्यांप्रमाणे त्यांनाही मोबदला नव्हता.

६/ जून २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने स्टॅक ओव्हरफ्लो १.८ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरात, चॅटजीपीटी अवतरले. लोकांनी फुकट लिहिलेली उत्तरे हे आता यंत्रांना शिकवण्याचे खाद्य होते, आणि खाद्याला बाजारभाव असतो.

७/ ५ जून २०२३ रोजी नियंत्रकांनी संप पुकारला. निमित्त निराळे होते : यंत्रलिखित वाटणारी उत्तरे काढण्यावर कंपनीने घातलेले निर्बंध. पण त्याच दिवसांत उघडकीस आले, की सार्वजनिक प्रत देणे कंपनीने गुपचूप थांबवले आहे. २००९ चा जामीन जणू पेटीत कुलूपबंद झाला. ओरड झाली, तेव्हा काही आठवड्यांत प्रत पुन्हा मिळू लागली.

८/ मे २०२४ मध्ये ओपनएआयशी करार जाहीर झाला. त्यासाठी ‘ओव्हरफ्लोएपीआय’ हा वेगळा, सशुल्क दरवाजा होता. चिडलेल्या काहींनी आपलीच जुनी उत्तरे पुसण्याचा प्रयत्न केला. ती पूर्ववत करून त्यांची खाती काही काळ गोठवण्यात आली. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे कलम आता लेखकांवरच उलटले होते.

९/ त्याच वर्षी जुलैपासून संपूर्ण प्रत इंटरनेट आर्काइव्हऐवजी कंपनीच्या स्वतःच्या स्थळावर गेली. ती हवी असल्यास खाते उघडून आत शिरावे लागते, आणि भाषा-प्रारूपे शिकवण्यासाठी ती वापरणार नाही, अशा चौकटीवर खूण करावी लागते.