पंधरा निघाले, बारा पोचले

‘ट्रायथलॉन’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो २०१९च्या उन्हाळ्यात, लेकीच्या तोंडून, फोनवर. मला आधी ते एखाद्या औषधाचं नाव वाटलं. "आई, मी गोव्याला ट्रायथलॉन करणार आहे," असं ती म्हणाली आणि मी विचारलं, "का गं, काय होतंय तुला?" तिला पुष्कळ वेळ हसू आवरेना.

मग तिने समजावून सांगितलं. आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची, ती ठेवून २१ किलोमीटर पळायचं. सगळं एका दमात, साडेआठ तासांच्या आत. ह्याला म्हणे ‘आयर्नमॅन ७०.३’ म्हणतात. हा आकडा कुठून आला, तर तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज! पूर्ण आयर्नमॅन ह्याच्या दुप्पट. लेक तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. घर, नोकरी, मुलाची दहावी, सगळं सांभाळून पहाटे साडेचारला उठून हे चाललं होतं आणि आम्हाला पत्ता नाही.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. कुठलीही नवी गोष्ट समोर आली की ती कधी सुरू झाली, कुणी केली आणि का केली, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. त्यामुळे ह्याही गोष्टीच्या मागे लागले. नातवाने संगणकावर शोधून द्यायचं आणि मी वहीत टिपणं काढायची, असे दोन महिने गेले.

सुरुवात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो गावी झाली. तारीख २५ सप्टेंबर १९७४. तिथल्या धावपटूंच्या क्लबातले जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन ह्या दोघांनी मिशन बे नावाच्या खाडीकाठी एक संध्याकाळची शर्यत ठेवली. पळणं, सायकल आणि पोहणं. अंतरं बेताचीच होती: पळणं सहा मैल, सायकल पाच मैल, पोहणं पाचशे यार्ड. सेहेचाळीस जण आले. बक्षिसाच्या चषकावर स्पर्धेचं नाव कोरायचं तर कोरणाऱ्याला ‘ट्रायथलॉन’ हा शब्द शब्दकोशात सापडेना. त्याने जॉनस्टोनना फोन करून स्पेलिंग विचारलं. आता शब्दच नवा, तर स्पेलिंग तरी कोण सांगणार! जॉनस्टोननी जे सांगितलं ते रूढ झालं. भाषेच्या शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

पण मला त्यातली दुसरीच गोष्ट टोचली. त्या दिवशी पोहणं शेवटी होतं. मागे राहिलेले लोक पाण्यात असतानाच अंधार पडला आणि किनाऱ्यावर मोटारी उभ्या करून त्यांच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर टाकावा लागला. थकलेला माणूस जमिनीवर पडला तर पडला, पाण्यात थकला तर काय? पुढे पोहणं सर्वांत आधी घ्यायची पद्धत पडली, त्यामागे हा साधा विचार आहे. मी हे लेकीला लगेच कळवलं. "आधी पोहायचं असतं ना नक्की?" असं तीन वेळा विचारलं.

त्या सेहेचाळीस जणांत जॉन आणि ज्यूडी कॉलिन्स हे जोडपं होतं. जॉन अमेरिकी नौदलात अधिकारी. पुढे त्यांची बदली हवाई बेटांवर झाली. १९७७ साली तिथे एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद निघाला की सर्वांत तंदुरुस्त कोण? पळणारा की पोहणारा? कुणीतरी म्हणालं, सायकलपटू एडी मर्क्सच्या फुप्फुसांची ताकद मोजली आहे, त्याच्याइतका प्राणवायू कुणीच वापरत नाही. आपल्याकडे असा वाद चहाच्या टपरीवर सुरू होतो आणि तिथेच संपतो. जॉन कॉलिन्सनी तो संपू दिला नाही. ओआहू बेटावर तीन शर्यती आधीपासून होत्याच: वाइकिकीच्या समुद्रात २.४ मैल पोहण्याची, बेटाला वळसा घालणारी ११५ मैलांची सायकलची (आणि ती मुळात दोन दिवसांची!) आणि होनोलुलूची मॅरेथॉन. ह्या तिन्ही एकाच दिवशी करायच्या, आणि जो पहिला येईल त्याला ‘आयर्न मॅन’, म्हणजे पोलादी पुरुष म्हणायचं. सायकलच्या रस्त्यातले तीन मैल कमी केले, कारण तसं केलं की सायकल बरोब्बर मॅरेथॉन जिथून सुटते तिथे येऊन थांबत होती. जगभरात आज जे ११२ मैल, म्हणजे १८० किलोमीटर प्रमाण मानतात, त्याचं कारण एवढंच! कुठल्याही शास्त्रज्ञाने बसून ठरवलेलं नाही. (१८० किलोमीटर म्हणजे पुण्याहून निघून कराडच्याही पुढे. ते पोहून झाल्यावर, आणि पळायच्या आधी.)

१८ फेब्रुवारी १९७८, शनिवार. पंधरा जण पाण्यात उतरले. सगळे पुरुष. रस्त्यावर पाणी द्यायला कुणी नव्हतं, ज्याने त्याने आपापली मदतीची माणसं आणायची होती. जॉन डनबार नावाचा नौदलातून आलेला तरुण पुढे होता. पळताना त्याच्या माणसांजवळचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. काय ही मंडळी! मग व्हायचं तेच झालं. टॅक्सी चालवून पोट भरणारा गॉर्डन हॉलर त्याला मागे टाकून पहिला आला: ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद. खुद्द कॉलिन्सना सतरा तास लागले. पोचणाऱ्यांसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने बक्षिसं बनवली होती, डोक्याच्या जागी नट बसवलेला लोखंडी माणूस. डोक्यात भोक असल्याशिवाय माणूस असलं काही करायला जाणार नाही, असा त्यातला विनोद.

पंधरा निघाले, बारा पोचले. ह्या बारांची नावं आणि वेळा आजही यादीत आहेत.

१९७८च्या फेब्रुवारीत मी काय करत होते? सांगलीत एका शाळेत सहावीच्या वह्या तपासत होते आणि घरी तीन वर्षांची पोर होती. पुढे हीच पोर माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली कृष्णेत पोहायला शिकली, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आठव्या वर्षी डबा सुटला. मग आयर्विन पुलाखालच्या पाण्यात मुलांच्या बरोबरीने ऐलतीर-पैलतीर करायची. सासरे म्हणायचे, ही मागच्या जन्मी मासोळी होती.

१९८८ साली शाळेतून जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धेसाठी तिचं नाव निघालं. पालकांच्या संमतीची सही हवी होती. मी केली नाही. नववी संपत आली होती, दहावीचे जादा तास सुरू होणार होते, हे कारण मी सांगितलं. दुसरं कारण सांगितलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीने पोहण्याच्या कपड्यांत चारचौघांत उभं राहायचं, आणि आई त्याच गावात शिक्षिका. लोक काय म्हणतील, हे ते कारण. तिने एकदाच विचारलं, "का नाही?" आणि मग तो कागद घडी करून दप्तरात ठेवला. रडली नाही. त्यानंतर नदीवर जाणंही हळूहळू बंद झालं. आम्ही ह्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही.

म्हणून हवाईतल्या टिपणांत मी बायका शोधत होते. १९७९ साली दुसरी शर्यत झाली. वादळी हवेमुळे शनिवारची रविवारवर ढकलली गेली. त्यात लिन लेमेर नावाची सायकलपटू उतरली, एकटी बाई. १२ तास ५५ मिनिटांत ती पोचली, कितीतरी पुरुष तिच्या मागे होते. त्या वर्षी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाचा एक लेखक गोल्फच्या स्पर्धेसाठी बेटावर आला होता. त्याने ह्या वेड्यांवर लांबलचक लेख लिहिला आणि शर्यतीची कीर्ती पसरली.

आणि मग १९८२ सालची ज्यूली मॉस. हिची चित्रफीत नातवाने मला दाखवली. तेव्हापर्यंत शर्यत हवाईच्याच मोठ्या बेटावर, कोना गावी गेली होती. ज्यूली तेवीस वर्षांची कॉलेजातली मुलगी. व्यायामाच्या शरीरशास्त्रावर तिला प्रबंध लिहायचा होता, त्याची माहिती गोळा करायला ती शर्यतीत उतरली. जिंकायला आलेलीच नव्हती. आणि शेवटच्या टप्प्यात बघते तर आपणच सर्वांत पुढे! रेषा जवळ आली आणि तिचे पाय वळायचे थांबले. पडली. उठली, चार पावलं टाकली, पुन्हा पडली. शेवटचे काही यार्ड राहिले असताना कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूने पळत निघून गेली. आपण पहिल्या आलो हे तिला कळलंही नव्हतं. ज्यूली हातापायांवर रांगत रेषेपर्यंत गेली आणि हात पलीकडे टाकला. एकोणतीस सेकंदांनी दुसरी.

टीव्हीवर हे अमेरिकाभर दिसलं, आणि लोकांना पहिली कोण आली हे विसरायला झालं, दुसरी लक्षात राहिली. मार्क अ‍ॅलन नावाच्या एका तरुणाने ते दृश्य पाहून हा खेळ घेतला आणि पुढे तो ह्या शर्यतीचा सहा वेळा विजेता झाला. पुढे त्याने ज्यूलीशी लग्नही केलं. मुलींनी तर रांगाच लावल्या.

मला विचाराल तर मी ते दृश्य एकदाच पाहिलं. नातू म्हणाला, "आजी, भारी आहे ना?" मला भारी वाटलं नाही, भीती वाटली. देह असा पणाला लावावा का, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. जगाला टाळ्या वाजवायला काय जातं? तिथे कुठेतरी तिची आईही असेल, निदान टीव्हीपुढे असेल, असं मला सारखं वाटत राहिलं.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण मला त्यात फार रस वाटला नाही. १९८९ साली ह्या खेळाची जागतिक संघटना निघाली, अंतरं आटोपशीर केली (दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा पळणं) आणि २००० साली सिडनीला तो ऑलिंपिकमध्ये गेला. आपल्याकडे हे नाव घरोघर पोचलं ते २०१५ साली मिलिंद सोमणने एकोणपन्नासाव्या वर्षी झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केला तेव्हा. २० ऑक्टोबर २०१९ला गोव्यात मिरामारला भारतातली पहिली ७०.३ झाली. ती सैन्यदलातल्या बिश्वोरजित सायखोमने जिंकली.

आम्ही शुक्रवारीच पोचलो होतो. शनिवारचा दिवस सायकल नेऊन जमा करण्यात आणि पिशव्या भरण्यात गेला. एका पिशवीत सायकलचं सामान, दुसरीत पळण्याचं. लेक चार वेळा पिशव्या उघडून बघत होती, बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री कंपास बघावा तसं. रविवारी उजाडताना मी वाळूत उभी होते. शेकडो टोप्या एकाच रंगाच्या दिसत होत्या. त्यातली माझी कोणती हे कळणं शक्य नव्हतं, तरी मी एका टोपीवर नजर ठेवून होते. ती भलत्याच कुणाची निघाली! लेक माझ्या मागून ओरडली, "आई, मी बाहेर आले!" पोहण्यात ती तिच्या वयाच्या बायकांत बरीच पुढे होती. चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी सासऱ्यांबरोबर नदीवरून परतताना पाहिलेलं होतं.

सायकलवर तिचा वेळ गेला. दमट हवेत पळताना आणखी गेला. दुसऱ्या फेरीत ती चालतच होती. मी घड्याळ बघत होते, आयुष्यभर तासाची घंटा बघितलेली बाई. आठ तास तीस मिनिटं झाली. ती कमानीखाली आली तेव्हा आठ तास चौतीस झाले होते.

नियम नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. मीही तीन तासांनंतर उत्तरपत्रिका काढून घेतच होते. तिच्या नावापुढे वेळ नाही, ‘डीएनएफ’ अशी तीन अक्षरं आहेत: पूर्ण केलं नाही. तेव्हा मला होनोलुलूचे ते तिघे आठवले. पंधरातून बारा वजा केले की उरतात ते. बारा जणांची नावं मी वहीत उतरवून घेतली होती, पण ह्या तिघांची घ्यावीशी तेव्हा मला वाटली नव्हती.

परतताना ती मागच्या सीटवर पाय वर करून झोपली. आंबोलीचा घाट चढून गाडी आजऱ्याच्या अलीकडे आली असताना जागी झाली आणि पाणी मागितलं. तिच्या मनगटाला स्पर्धेचा कागदी पट्टा अजून होता. तो कात्रीने कापायला लागतो म्हणाली. मी तिची कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. वर नावनोंदणीचा कागद होता. काही झालं तर कुणाला कळवायचं, ह्या रकान्यात तिने नवऱ्याचं नाव लिहिलं नव्हतं. माझं लिहिलं होतं, आणि नात्यापुढे मराठीत ‘आई’.

"सही करायची होती का गं कुठे माझी?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आता लागत नाही." आणि पुन्हा झोपली.