सोटेर: राजाची पदवी, देवाचे बिरुद

१/ इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ही ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली मार्गदर्शिका. तिच्यानुसार पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदरात जाई. त्याच बाजारात अपोलोडोटस व मिनँडर या यवन राजांची जुनी नाणी अजून चलनात होती.

२/ या दोघांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक पदवी आहे ‘सोटेर’. दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत तिचे प्राकृत रूप आहे ‘त्रातार’, म्हणजे रक्षणकर्ता.

३/ ग्रीकांत हे देवांचे बिरुद होते. झ्यूस सोटेर, रोग बरे करणारा अस्क्लेपिओस सोटेर. वादळात खलाशांना वाचवणारे जुळे देव डायोस्कुरी हेही सोटेर.

४/ मग ते राजांकडे आले. इ.स.पू. ३०५-३०४ मध्ये डेमेट्रिअसने ऱ्होड्सला वेढा घातला, तेव्हा इजिप्तच्या टॉलेमीने धान्य व सैन्य पाठवले. कृतज्ञ ऱ्होड्सवासीयांनी त्याला देवाचा मान देऊन त्याची पूजा आरंभली. इतिहासात तो ‘टॉलेमी सोटेर’ म्हणूनच ओळखला जातो.

५/ भारतात मात्र वेगळे घडले. विदिशेजवळ बेसनगर येथे यवन दूत हेलिओडोरसने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. त्यावरील ब्राह्मी लेखात वासुदेव ‘देवदेव’ आहे आणि ‘त्रातार’ आहे तो स्थानिक राजा भागभद्र. स्वर्गप्राप्तीसाठी लेख राजाकडे बोट दाखवत नाही; दम, त्याग आणि अप्रमाद ही तीन पदे सांगतो. राजाने राज्य राखावे. स्वर्ग ज्याचा त्याने आचरणाने मिळवावा.

६/ पुढे पूर्वेकडील ग्रीक नगरांनी सम्राट ऑगस्टसलाही ‘सोटेर’ म्हणून गौरविले. लूकच्या शुभवर्तमानात हाच शब्द गोठ्यात जन्मलेल्या येशूसाठी येतो. त्या काळच्या वाचकाला यातील आव्हान सहज उमगले असणार: खरा सोटेर रोमच्या सिंहासनावर नाही.

७/ मराठी बायबलमध्ये तेथे ‘त्राता’ नव्हे, तर ‘तारणारा’ हा शब्द आहे. दोहोंचे धातू भिन्न. ‘त्रै’ म्हणजे रक्षण करणे, ‘तॄ’ म्हणजे तरून पलीकडे जाणे. त्राता ऐलतीरावर संकट दूर ठेवतो. तारणारा पैलतीरी नेतो.

८/ ग्रीकांनी राजा आणि देव दोघांना एकच शब्द दिला, म्हणून राजाला देव होणे सोपे गेले. कोणत्याही सत्ताधीशाला ‘तारणहार’ म्हटले जाते, तेव्हा त्याने नेमके काय राखले आणि आपण त्याच्या हाती काय सोपवत आहोत, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.