कर्ता कोण? : क्रियापद, कथा आणि नागपूर

पूर्व नागपुरात इतवारीला लागून लकडगंज आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला सागवान इथल्या टालींवर उतरतो, आरा मशीनवर चिरला जातो आणि दारे, चौकटी, पलंग होऊन शहरभर पसरतो. मराठी क्रियापदाचे प्रकार शिकवायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. ओंडका तडकतो, तिथे क्रियापद अकर्मक असते. मजूर ओंडका चिरतो, तिथे ते सकर्मक होते. मालक तो मजुराकडून चिरवून घेतो, तेव्हा क्रिया करणारा एक आणि करवणारा दुसरा असतो. पाते बोथट झाले की मजूर म्हणतो, आता माझ्याच्याने चिरवत नाही. हे शक्य क्रियापद. आणि एखाद्या दिवशी अपघात झाला तर बातमी दोन तऱ्हांनी सांगता येते. 'मजुराने बोट कापले' किंवा 'मजुराचे बोट कापले'. व्याकरणाच्या पुस्तकात 'कापणे' हे उभयविध क्रियापद म्हणून याच दोन वाक्यांच्या धर्तीवर शिकवतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. पण दोन वाक्यांत दोन वेगळ्या कथा आहेत. पहिल्या वाक्यात दोष मजुराचा आहे. दुसऱ्यात कर्ता नाहीच. मग वाचक तो शोधू लागतो, आणि पाते, मालक, थकवा, रात्रपाळी हे सगळे कथेत येते.

माझे म्हणणे असे की क्रियापदाचे प्रकार आणि कथेचे घटक हे मुळात एकच प्रकरण आहे. कोणी केले, कोणाला झाले, कोणी करवले, होता होता राहिले की होऊन गेले, हे प्रश्न व्याकरणाने विचारले तर त्यांना प्रयोग आणि काळ म्हणतात; कथेने विचारले तर पात्र, कथानक आणि निवेदन म्हणतात. मराठीत तर हे नाते फारच घट्ट आहे, कारण आपल्या भाषेत भूतकाळी सकर्मक क्रियापद सहसा कर्त्याच्या मागे जात नाही. मजुराने ओंडका चिरला, मजुराने फळी चिरली, मजुराने लाकूड चिरले. क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते आणि कर्ता 'ने' लावून बाजूला उभा राहतो. कथा बहुधा भूतकाळात सांगितली जाते. म्हणजे मराठीत कथा सांगणाऱ्याला प्रत्येक वाक्यात कर्त्याची जागा ठरवावीच लागते. हे दोन अभ्यास मराठीत कधी एकत्र होते आणि कधी वेगळे झाले, हे पाहायला विदर्भाचा इतिहास विशेष उपयोगी पडतो.

सुरुवात रिद्धपूरपासून करावी लागते. अमरावती जिल्ह्यातल्या या गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. केसोबासांनी चक्रधरांनी सांगितलेले दृष्टान्त वेगळे काढून 'दृष्टान्तपाठ' रचला. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे छोटी गोष्ट, मग दार्ष्टान्तिक म्हणजे गोष्टीचा अर्थ. आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टान्त यातलाच. मोजकी पात्रे, एक प्रसंग, एक विसंगती, आणि प्रत्येकाच्या तोंडी एक ठाम विधान. याच पंथातल्या पंडित भीष्माचार्यांचे 'पंचवार्तिक' हे मराठीचे सर्वांत जुने व्याकरण मानले जाते. एकाच पंथाला गोष्टींचा संग्रह आणि भाषेचे व्याकरण दोन्हींची गरज का वाटली असावी? कारण गुरूचे वचन जसेच्या तसे राखायचे होते. वचनात क्रियापद बदलले की कर्ता बदलतो आणि कर्ता बदलला की तत्त्वच बदलते. 'देव करतो', 'देव करवतो' आणि 'आपोआप होते' ही तीन वाक्ये तीन तत्त्वज्ञाने आहेत. गोष्ट नीट सांगायची तर क्रियापद नीट ओळखावे लागते, ही जाणीव त्या व्यवस्थेतच होती.

दृष्टान्त म्हणजे लघुकथा नव्हे, असा आक्षेप इथे कोणी घेईल, आणि तो मान्यच करायला हवा. दृष्टान्तातल्या माणसांना स्वभावाची खोली नसते, वातावरण जवळजवळ नसते, शेवटी अर्थ सांगून गोष्ट बंद केली जाते. आधुनिक कथा अर्थ वाचकावर सोडते. पण माझा दावा दृष्टान्त ही कथा आहे असा नाही. गोष्टीचे घटक नाव देऊन वेगळे करण्याची आणि भाषेचे नियम मांडण्याची कामे एकाच वर्तुळात झाली, एवढाच तो आहे, आणि त्याला या आक्षेपाने धक्का लागत नाही.

पुढचा टप्पा पाचशे वर्षांनी आणि बंगालात येतो, पण माणूस नागपूरकडचाच. 1803 च्या युद्धात नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, देवगावचा तह झाला, आणि कंपनी सरकारला मराठी जाणणारे अधिकारी हवे झाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी मराठी शिकवत होता. त्याच्या हाताशी मुख्य पंडित होते नागपूरकडचे वैजनाथ शर्मा. 1805 साली सेरामपूरच्या छापखान्यातून कॅरीचे मराठी व्याकरण निघाले. त्याला नित्याच्या विषयांवरचे संवाद जोडलेले होते, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. क्रियापदे चालवून दाखवली म्हणजे भाषा आली असे त्या मंडळींनी मानले नाही. ती क्रियापदे कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी येतात हेही दाखवावे लागेल असे त्यांना वाटले. पुढे वैजनाथ शर्मांच्या हातून 'सिंहासन बत्तीशी' 1814 मध्ये आणि 'हितोपदेश' 1815 मध्ये मराठीत आले. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील गोष्टींच्या पुस्तकांत ही दोन येतात. व्याकरणाला मदत करणारा पंडित आणि गोष्टी लिहिणारा पंडित एकच होता.

आता म्हणतील की ही पुस्तके साहेबांसाठी होती, भाषांतरित होती, बोजड होती, मुंबई-पुण्याच्या वाचकापर्यंत ती फारशी पोचलीही नाहीत; त्यांच्यावर परंपरा कशी उभी करता? परंपरा मी उभी करतच नाही. उलट ती तुटली हे दाखवतो आहे. दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 मध्ये आले. त्यापुढचे मराठी व्याकरण शाळेच्या वर्गासाठी घडले, इंग्रजी आणि संस्कृत व्याकरणांच्या साच्यांशी झगडत घडले. 1911 साली मोरो केशव दामल्यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ आला आणि त्या झगड्याला भव्य रूप मिळाले. प्रयोगांची चर्चा किती बारकाईने करता येते हे दामल्यांकडून शिकावे. त्याच काळात कथेची वाट स्वतंत्रपणे चालू होती. हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' 1890 मध्ये, 'मनोरंजन' मासिक 1895 मध्ये, आणि 1931 मध्ये ना. सी. फडक्यांचे 'प्रतिभासाधन', जिथे कथनाच्या तंत्राची सविस्तर चर्चा आहे. व्याकरणकार वाक्य तपासत होता आणि टीकाकार कथानक. दोघांच्या मधला पूल मात्र कोणी बांधला नाही. मराठी शिक्षणाचे यातून मोठे नुकसान झाले असे मला मनापासून वाटते.

नुकसान कुठे झाले ते नागपूरच्या बोलीत लख्ख दिसते. लकडगंजात कोणी विचारले, काय करून राहिला बे, तर उत्तर येते, ओंडका चिरून राहिलो. ट्रक येऊन राहिला. उद्या येजो, पैसे देजो. हा 'करून राहिला' चालू क्रिया दाखवतो. प्रमाण मराठीत 'बोलत राहिला' म्हणजे थांबला नाही. नागपुरात 'बोलून राहिला' म्हणजे आत्ता बोलतो आहे. याहूनही बारीक गोष्ट अशी की इथे 'राहणे' अकर्मक असल्यामुळे कर्त्याला 'ने' लागत नाही. 'मजुराने ओंडका चिरला' यात कर्ता बाजूला होतो, तर 'मजूर ओंडका चिरून राहिला' यात, रूप भूतकाळाच्या घडणीचे असूनही, मजूर वाक्याचा धनी राहतो. 'मजूर फळी चिरून राहिला', 'बाई फळी चिरून राहिली'. कर्माचे लिंग काहीही असो, क्रियापद माणसाच्या मागे जाते. कथाकाराला हे केवढे मोठे साधन आहे! माणूस कामात असतानाच त्याला समोर उभे करता येते.

'करून राहिला' हा हिंदीचा विटाळ आहे, मराठी नव्हे, हा सगळ्यात जोरदार आक्षेप. हिंदीतल्या चालू काळाच्या रचनेशी तो मिळताजुळता आहे, हे उघड आहे. पण नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होते आणि 1956 पर्यंत हिंदी व मराठी मुलखांच्या एकत्र राज्याची राजधानी राहिले. बंगाल-नागपूर रेल्वे इतवारीतून छत्तीसगडकडे जात होती. लकडगंजच्या लाकडाच्या व्यवहारात कच्छी-गुजराती व्यापारी, छत्तीसगडचे मजूर आणि मराठी सुतार एकत्र आले. अशा ठिकाणी भाषेने नवे संयुक्त क्रियापद घडवले, तर ती तिच्या जिवंतपणाची खूण आहे. शिवाय त्या रूपातला प्रत्येक भाग मराठी आहे: 'ऊन' हा आपला प्रत्यय आणि 'राहणे' हा आपला धातू. प्रमाण मराठीतली 'करून टाकले', 'देऊन बसला', 'येऊन गेला' ही रूपे आपण संयुक्त क्रियापदे म्हणून आनंदाने शिकवतो. 'करून राहिला' त्यांच्याच घडणीचे आहे; वगळायला शास्त्रीय कारण नाही.

नागपुरी आणि वऱ्हाडी बोलींचा पद्धतशीर अभ्यास झाला तो ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीत. मराठीचा सातवा खंड 1905 मध्ये निघाला. त्या पाहणीची रीत अशी की प्रत्येक बोलीत उधळ्या पुत्राची एकच गोष्ट सांगवून घ्यायची. बाप, दोन मुलगे, वाटणी, उधळपट्टी, पश्चात्ताप, परतणे. बोलीचा खरा स्वभाव क्रियापदांच्या तक्त्यापेक्षा सांगितलेल्या गोष्टीत उघडतो, हे त्या पाहणीने ओळखले होते. वैजनाथ शर्मांच्या शंभर वर्षांनंतर व्याकरण आणि कथा पुन्हा एका पानावर आली. शाळेपर्यंत मात्र ती जोडी पोचली नाही. बोलीचे क्रियापद सांभाळले ते कथाकारांनी. उद्धव शेळक्यांच्या 'शिळान'मधल्या कथांनी आणि 1960 च्या 'धग' कादंबरीने वैदर्भी बोलीला साहित्यात जी जागा दिली, ती व्याकरणाच्या एकाही पाठ्यपुस्तकाने दिलेली नाही.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो व्यावहारिक आहे. सकर्मक-अकर्मक आधी सुटे शिकवले नाही तर मुलांचा गोंधळ उडेल, परीक्षेत गुण जातील. सुटे शिकवायला माझी ना नाही. संज्ञा स्पष्ट हव्यात. दामल्यांच्या शिस्तीचा अवमान करून काही साधणार नाही. पण संज्ञा पाठ झाल्यावर तिथेच थांबणे हा शिस्तीचा भाग नाही. ज्या मुलाला 'बोट कापले' हे उभयविध क्रियापद आहे एवढेच कळते, त्याला व्याकरण आले असे मी म्हणणार नाही. कर्ता लपवला की काय होते हे त्याला सांगता आले पाहिजे. हीच समज पुढे वर्तमानपत्र, पंचनामा आणि सरकारी परिपत्रक वाचताना त्याच्या कामी येणार आहे.

यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. बारावीच्या युवकभारतीत कथा या साहित्यप्रकाराचा परिचय आहे, आणि त्यासोबत वऱ्हाडीत लिहिणाऱ्या प्रतिमा इंगोले यांची 'गढी' ही कथाही आहे. व्याकरण त्याच पुस्तकात वेगळ्या भागात आहे. विदर्भातल्या मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की हे दोन भाग एका तासाला शिकवावेत. 'गढी'चे एक पान घ्यावे, त्यातली क्रियापदे मुलांकडून काढून घ्यावीत, प्रत्येकाचा कर्ता विचारावा, आणि मग त्याच मुलांना आपापल्या मोहल्ल्यातल्या एका कामाची गोष्ट त्यांच्या बोलीतल्या क्रियापदांत लिहायला सांगावी. 'करून राहिला' लिहिले म्हणून गुण कापू नयेत.