भाड्याच्या पावतीपलीकडे

घर मिळणं नशिबाची गोष्ट, असं आपण म्हणतो. ते टिकवण्यासाठी मात्र जाणत्या माणसाची सोबत लागते. अशी माणसं तयार करण्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८६५ साली लंडनच्या मेरिलबोन भागात ऑक्टेव्हिया हिल या तरुणीनं तीन मोडकळीला आलेली घरं सांभाळायला घेतली. पैसे जॉन रस्किन या विचारवंताचे. मालकाला वर्षाला ५ टक्के परतावा, उरलेल्या रकमेतून सुधारणा, असा तिचा हिशेब. दर आठवड्याला भाडं घ्यायला घरी जायचं, म्हणजे गळकं छप्परही दिसतं आणि सुटलेली नोकरीही कळते. काम वाढलं तशा तिनं इतर स्त्रिया तयार केल्या. वही ठेवणं, दुरुस्ती करून घेणं, माणसाचा मान राखून भाडं मागणं, हे त्या प्रत्यक्ष कामातून शिकल्या. पण थकबाकीच्या बाबतीत बाई कठोर होत्या. शेवटी त्या मालकाच्या वतीनंच येत होत्या.

घरात राहणाऱ्याच्या बाजूनं बोलणारा सल्लागार नंतर आला. अमेरिकेत १९६८च्या गृहनिर्माण कायद्यानं कमी उत्पन्नाच्या घरमालकांसाठी सल्ल्याची तरतूद केली. पुढं भाडेकरूही त्यात आले. २००८च्या सुमारास कर्जं थकून लाखो घरं गेली. तेव्हा २०१० साली नव्या कायद्यानं सल्लागारांना परीक्षा बंधनकारक केली. ती २०१७मध्ये सुरू झाली. विषय सहा : पैशाचं नियोजन, घराची देखभाल, मालक व भाडेकरूच्या जबाबदाऱ्या, परवडणारं घर, जप्ती व बेदखली टाळणं, आणि घर देताना होणारा भेदभाव.

या शेवटच्या विषयापाशी मी थांबतो. वर्ण, धर्म पाहून घर नाकारण्यास तिथं १९६८पासूनच कायद्यानं बंदी आहे. मी मराठीत कविता लिहितो. संमेलनात माझं नाव कौतुकानं पुकारलं जातं. तेच नाव खोली पाहायला गेल्यावर सांगितलं, की ‘कालच गेली हो’ असं उत्तर मी अनेकदा ऐकलंय. मित्र हळहळतात. कुणाकडं जायचं, काय लिहून ठेवायचं, हे सांगणारं मात्र कुणी भेटत नाही.

हळहळीला शिक्षण लागत नाही. नोटिशीवरची तारीख आणि करारातलं बारीक कलम वाचायला लागतं. आपल्या वस्त्यांमध्ये असे शिकलेले चार शेजारी तयार झाले, तर कितीतरी घरांचे उंबरे शाबूत राहतील.