फलश्रुती आणि जाहिरात : अर्थवादाच्या वाचनाचा एक मराठी इतिहास

मराठी समीक्षेने अलंकारांचा विचार प्रामुख्याने काव्यसौंदर्याच्या अंगाने केला. उपमा, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती ही शोभेची साधने मानली गेली आणि त्यांची उदाहरणे कवितेतून निवडली गेली. भिंतीवरचा मजकूर, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, बियाण्याचे माहितीपत्रक, देवाच्या नावाने वाटले जाणारे पत्रक असे रोजचे लेखन या विचाराच्या कक्षेबाहेर राहिले. मन वळवणाऱ्या भाषेचा विचार करायचा झाल्यास ॲरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्राकडे किंवा रोलां बार्तने १९६४ साली केलेल्या चित्रजाहिरातीच्या विश्लेषणाकडे जावे लागते, असा समज त्यातूनच रुजला. वस्तुतः मन वळवणारे वाक्य कसे ओळखावे, याचे एक काटेकोर शास्त्र भारतीय परंपरेत होते, आणि त्याचा एक धागा मराठीत, तोही मराठवाड्यात, फार पूर्वी येऊन पोहोचला होता.

हे शास्त्र म्हणजे पूर्वमीमांसेतील अर्थवादाचा विचार. वेदवाक्य हे कर्तव्य सांगण्यासाठी असते, असे मीमांसक मानतात. मग ज्या वाक्यांत कोणतीच आज्ञा नाही, केवळ स्तुती किंवा निंदा आहे, त्यांचे प्रयोजन काय? शबरस्वामींच्या भाष्यातील प्रसिद्ध उदाहरण वायूचे आहे. ऐश्वर्याची इच्छा असणाऱ्याने वायुदेवतेला श्वेत पशू अर्पावा, हा विधी. वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे, हे लगेच येणारे वाक्य म्हणजे अर्थवाद. त्याला स्वतंत्र प्रयोजन नाही. विधीशी एकवाक्यता साधून ते श्रोत्याला कर्माकडे प्रवृत्त करते. हवामानाची माहिती देणे हा त्याचा हेतूच नव्हे.

पुढील मीमांसकांनी अर्थवादाचे तीन प्रकार केले. यज्ञातील खांबाला सूर्य म्हणणे हा गुणवाद, कारण ते प्रत्यक्षाच्या विरुद्ध असल्याने लक्षणेनेच घ्यावे लागते. अग्नी हे थंडीवरचे औषध आहे, हा अनुवाद, कारण ते आधीच सर्वांना ठाऊक असते. इंद्राने वृत्रावर वज्र उगारले, हा भूतार्थवाद, कारण ते इतर प्रमाणांनी खोटेही ठरत नाही आणि सिद्धही होत नाही. आजच्या जाहिरातीचे पृथक्करण करण्यास ही त्रयी विलक्षण उपयोगी पडते. ‘पिकाला पोषण हवे’ हे वाक्य अनुवाद होय. त्यावर कोणाचाही आक्षेप नसतो, आणि त्या होकाराच्या आधाराने वाचक पुढच्या वाक्यालाही होकार देतो. ‘शेतात सोने पिकेल’ हा गुणवाद. तो अक्षरशः कोणी घेत नाही. दूरच्या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचे छायाचित्र आणि त्याखाली त्याच्या उत्पन्नाचा आकडा हा मात्र भूतार्थवाद. तो पडताळता येत नाही आणि खोडताही येत नाही. मन वळवण्याची खरी शक्ती अतिशयोक्तीत असते, हा रूढ समज येथे डळमळतो. अतिशयोक्ती वाचकाला सावध करते, तर साधी, शांत, अनुभवकथनासारखी हकिकत त्याला निःशंक करते.

अर्थवादाविषयीची ही जाणीव संस्कृत पाठशाळांपुरती मर्यादित राहिली नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्वर्गादी फळांची भुरळ घालणाऱ्या ‘पुष्पित’ वाणीचा उल्लेख येतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त त्या ठिकाणी उत्तम स्वयंपाक करून तो मोलाने विकणाऱ्याचा दृष्टांत आहे. भोगाच्या आशेने धर्म खर्ची घालणाऱ्यासाठी बाजाराचाच दृष्टांत योजला जावा, हे लक्षणीय आहे. भागवताच्या एकादश स्कंधाच्या एकविसाव्या अध्यायात तर हा विचार सूत्ररूपाने येतो. फलश्रुती हे अंतिम श्रेय नसून ती केवळ रुची उत्पन्न करण्यासाठी असते, जसे कडू औषध घेण्यासाठी काही गोड दाखवावे, असे तेथे म्हटले आहे. पैठणच्या एकनाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेली ‘एकनाथी भागवत’ ही याच स्कंधावरील ओवीबद्ध टीका आहे. म्हणजे फलश्रुतीकडे फलश्रुती म्हणून पाहण्याचा विचार सोळाव्या शतकापासून मराठी श्रोत्याच्या कानावर पडत आला आहे. त्यातही तो फलश्रुतीला खोटे ठरवत नाही. गोडाचे काम काय आणि औषधाचे काम काय, एवढाच विवेक तो शिकवतो.

या विवेकाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावाचा विचार करणे उद्बोधक ठरते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने मराठी शब्दाचा अधिकार येथे मुख्यतः पोथी, कीर्तन आणि व्रताच्या कहाण्या यांच्याकडे राहिला. पोथीच्या शेवटी फलश्रुती येणार, कहाणीचा शेवट सुफळ होणार, हा वाक्यबंध अशा गावांच्या श्रवणात मुरलेला होता. छापील जाहिरात आली तेव्हा तिला नवी भाषा घडवावी लागली नाही. फलश्रुतीचा साचा तयारच होता.

या साच्याचे उघडे रूप देवाच्या नावाने फिरणाऱ्या निनावी पत्रकांत दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी पत्रके आणि पोस्टकार्डे गावोगाव फिरत. पत्रकाच्या अमुक प्रती छापून वाटाव्यात. एकाने वाटल्या, त्याला धन मिळाले. एकाने पत्रक फाडले, त्याचे नुकसान झाले, असा त्यांचा ठरलेला क्रम. विधी, स्तुती आणि निंदा ही तिन्ही अंगे येथे क्रमाने मांडलेली दिसतात. पत्रकातील देवतेचे माहात्म्य बाजूला ठेवून ‘करायला काय सांगितले आहे?’ एवढाच प्रश्न विचारला, तर उत्तर मिळते : हेच पत्रक पुन्हा छापणे. साऱ्या अर्थवादाचा आधार असलेला विधी इतका पोकळ निघतो. आज हाच मजकूर मोबाइलवरून पुढे धाडला जातो. साधन बदलले, तरी वाक्यरचना तीच आहे.

जाहिरातीची गोष्ट याहून बिकट आहे, कारण तेथे विधी झाकलेला असतो. ‘विकत घ्या’ हे शब्द क्वचितच येतात. स्तुती हीच माहितीच्या वेशात उभी राहते. कापसाचे उदाहरण या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचे आहे. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी दिली जाई. ती शेताच्या कडेने पेरायची होती, जेणेकरून बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर निर्माण होऊ नये. हा खरा विधी. पिकाचे संरक्षण हे त्या विधीशी जोडलेले फळ. प्रत्यक्षात फळाची घोषणा भिंतीभिंतींवर झाली आणि विधी पाकिटातच राहिला. ती पुडी बहुतेक ठिकाणी पेरली गेली नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कापसाचे मोठे नुकसान केले. अळीत प्रतिकारशक्ती निर्माण होण्याच्या कारणांत या कडेच्या पेरणीकडे झालेल्या दुर्लक्षाची गणना होते. या एका भाषिक दोषावर साऱ्या हानीचा भार टाकता येणार नाही. लांबलेला हंगाम आणि अल्पभूधारकाची अडचण हीही कारणे होती. तथापि विधी आणि अर्थवाद यांची फारकत झाली म्हणजे वाक्य खरे असूनही वाचक फसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

कायद्याने हा प्रश्न आपल्या परीने हाताळला आहे. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्याने जादूच्या उपायांच्या व्याख्येत ताईत, मंत्र आणि कवच यांचा नावानिशी समावेश केला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, देवतेच्या नावाने यंत्रे विकताना त्यांच्या अंगी अलौकिक शक्ती असल्याचे सांगणाऱ्या दूरचित्रवाणी जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर ठरवल्या. समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे, तर फलश्रुती पोथीतून सुटून किंमतपट्टीला चिकटली की तिचा अर्थच बदलतो, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु कायदा विशिष्ट वाक्य थांबवू शकतो; वाक्य ओळखण्याची दृष्टी तो देऊ शकत नाही.

मीमांसेचे हे साधन जसेच्या तसे उचलता येणार नाही, हेही खरे. मीमांसकांच्या दृष्टीने वेद अपौरुषेय असल्याने तेथे वक्त्याच्या हेतूविषयी शंकेला जागा नव्हती. जाहिरात मात्र पूर्णपणे पौरुषेय असते. म्हणून तिच्या वाचनात न्यायदर्शनातील आप्ताची कल्पना जोडून घ्यावी लागते. जे जसे आहे ते जाणणारा आणि ते तसेच सांगू इच्छिणारा तो आप्त. पांढरा डगला घातलेला नट जाणकाराचा वेश घेतो, आणि शेजारणीच्या जिव्हाळ्याने बोलणारी नटी हितचिंतकाचा. मम्मटाने काव्याच्या उपदेशाला कांतेच्या बोलण्याची उपमा दिली होती. जाहिरातीने तोच लडिवाळ स्वर घेतला आणि उपदेशाच्या जागी विक्री ठेवली.

आगरकरांनी १८८८ साली ‘वाक्यमीमांसा’ हा शब्द आपल्या व्याकरणग्रंथाच्या शीर्षकात घातला आणि शालेय मराठीला वाक्याचे पृथक्करण शिकवले. ते पृथक्करण उद्देश्य-विधेयापाशी थांबले. २०१८ पासूनच्या दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात जाहिरात आहे. पण विद्यार्थ्याला शिकवले जाते ते जाहिरात लिहिणे, आकर्षक शब्द योजणे. जाहिरात वाचणे हा स्वतंत्र अभ्यास होत नाही. नांदूरघाटच्या शाळेतील मूल अशा रीतीने अर्थवाद रचायला शिकते, पण घरी आलेल्या पत्रकातला विधी कोणता, तो कोणी सांगितला आणि सांगणारा आप्त आहे काय, हे तीन प्रश्न त्याला कोणी देत नाही. अलंकारशास्त्र कवितेच्या तासापुरते ठेवल्याची किंमत समीक्षेला कळत नसेल. बियाण्याचे पाकीट फोडणाऱ्याला ती कळते.